कंसातलं घर

घरात त्यांना 'पाहुणे' म्हणत. नाव बायकोनं ठेवलं होतं. चाळीस वर्षं ते जगभर हिंडले, आणि दर खेपेला परतून बेल वाजवली की ती दार उघडून, कमरेवर हात ठेवून विचारायची, "या पाहुणे. किती दिवस मुक्काम?" मग मुलगी बोलायला लागली, तीही 'पाहुणे आले, पाहुणे आले' करत जिन्यात धावायची. पुढे शेजारीही तेच म्हणू लागले. थट्टेतलं नाव अंगाला चिकटतं ते असं.

आता पाहुणे एकाहत्तर वर्षांचे होते, आणि दार उघडणारी जाऊन आठ महिने झाले होते.

प्रकाशकाला त्यांच्याकडून एक शेवटचं पुस्तक हवं होतं. बावीस प्रवासवर्णनं झाली, आता आयुष्यभर जग पालथं घालून तुम्हाला काय कळलं ते लिहा, असं त्याचं म्हणणं. शेवटचं प्रकरण सोडून पाहुण्यांनी सगळं लिहूनही टाकलं होतं. शेवटचं प्रकरण एका खाऱ्या पाण्याच्या तळ्यावर होतं. ते काही केल्या कागदावर उतरेना. पुन्हा एकदा तिथे जाऊन यावं म्हणजे सुचेल, असं त्यांनी ठरवलं. गुरुवारचं तिकीट काढलं, चार वाजताची टॅक्सी सांगितली, आणि बॅग भरून दाराशी ठेवली. मुलीला सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. तिचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. रोज दुपारी दुकान बंद करून ती वडिलांना डबा आणून देई, जेवेपर्यंत समोर उभी राही आणि डबा घेऊन परत जाई. आई गेल्यापासून ती या घरात बसली नव्हती.

त्याला कारण होतं. त्या तळ्यावरूनच पाहुण्यांनी घरी शेवटचा फोन केला होता. बायको एरवी कधी बोलावत नसे, त्या दिवशी म्हणाली, "या वेळी जरा लवकर या." ते म्हणाले, "चारच दिवस गं. पलीकडचा काठ राहिलाय." तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसल्या जागी गेली. पलीकडच्या काठावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

जाण्याआधी तीन दिवस हाताशी होते, म्हणून सोमवारी पाहुण्यांनी माळ्यावरून कॅसेटची खोकी खाली काढली. त्यांची कामाची रीत जरा वेगळी होती. ते टिपणं काढत नसत, छोट्या टेपरेकॉर्डरवर बोलत. पुढे नवी यंत्रं आली तरी त्यांनी कॅसेट सोडली नाही. कॅसेट भरली की टपालानं घरी पाठवायची. बायको कानाला हेडफोन लावून ती ऐकायची आणि टाइपरायटरवर उतरवायची. ते परत येईस्तोवर कागदांची चळत तयार असे. मग ते लाल पेन्सिल घेऊन बसत, नको ते खोडत, खाली 'तपासले' लिहून सही ठोकत, आणि ती सगळं पुन्हा स्वच्छ टाइप करून प्रकाशकाकडे पाठवे. ती स्वतः या शहराबाहेर उभ्या आयुष्यात तीनदा गेली होती. तिन्ही वेळा लग्नांना.

आणखी एक खोड होती त्यांची. मुक्काम हलवायच्या दिवशी बॅग भरून झाली की ते टेपरेकॉर्डर चालू करून खोलीतल्या टेबलावर ठेवत, बाहेर येऊन दार लावून घेत आणि एक मिनिट बाहेर उभे राहत. आपण नसताना ती खोली कशी असते ते त्यांना हवं असे. पंख्याची घरघर, नळाचं ठिबकणं, रस्त्यावरची एखादी हाक. मिनिट झालं की दार उघडून टेप बंद. त्यांच्या पुस्तकांतल्या खोल्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात असं लोक म्हणत, ते या एका मिनिटामुळे. या युक्तीचा त्यांना भारी अभिमान होता. चारशे बारा कॅसेट, आणि प्रत्येकीच्या शेवटी एक रिकामी खोली.

टाइप करताना बायको ही जागा कंसात टाकायची. (दार लागलं. शांतता. दार उघडलं.) पाहुणे तो कंस न वाचताच लाल रेघ मारून उडवत. छापायला शांतता काय कामाची?

सोमवारी दुपारी त्यांनी एक जुनी कॅसेट लावली आणि तिचे टाइप केलेले कागद समोर धरले. जेवणाचं टेबल, दोन खुर्च्या. एकीवर ते. दुसरी बायकोची, तिच्या एका पायाचं रबर निघालेलं, त्यामुळे ओढली की फरशीवर करकर वाजणारी. एकतीस वर्षांपूर्वीचा त्यांचा आवाज कुठल्याशा बंदराबद्दल तावातावानं बोलत होता. कागदावर शब्द न् शब्द जुळत होता. बाई कामात चोख. मग टेपवर दार लागलं, आणि खोलीची शांतता सुरू झाली. लांबवर जहाजाचा भोंगा, बाकी काही नाही.

कागदावर लाल रेघेखाली लिहिलं होतं, (दार लागलं. कोणीतरी खोकतंय. तीनदा. खोकला सुका आहे. दार उघडलं.)

पाहुण्यांनी टेप मागे नेला. पुन्हा ऐकला. खोकला नव्हता. टाइप करताना शेजारचं कोणी खोकलं असेल आणि हिनं उतरवून टाकलं असेल, त्यांना वाटलं. त्यांना हसूही आलं. लगेच घसा खवखवून तीनदा सुका खोकला आला, म्हणून ते उठून पाणी प्यायले.

दुसऱ्या कॅसेटच्या कंसात शिट्टी होती. (किटली शिट्टी घालतेय. बंद करायला कोणी उठत नाही.) टेपवर मात्र नुसता पाऊस. या घरात तेव्हा शिट्टीची किटली नव्हती. ती मुलीनं गेल्या महिन्यात आणली होती, बाबांना गॅसवर पाणी विसरायची सवय म्हणून. पाहुणे टेबलाशी बसून विचार करत राहिले. स्वयंपाकघरात किटली ओरडत होती, ते त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

ते घाबरट माणूस नव्हते. वादळात होडीत बसलेले, दोन सरहद्दींवर बंदुकीसमोर हात वर करून उभे राहिलेले. योगायोग म्हणून त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. कागदपत्रं आवरून रात्री जेवायला बसले आणि मीठ शोधू लागले. तीन कपाटं उघडली तरी सापडेना. चारशे बारा खोल्यांत दिव्याचं बटण कुठे होतं ते त्यांना आजही आठवत होतं. आपल्याच घरात मीठ कुठे असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मंगळवारी मुलगी डबा घेऊन आली तेव्हा त्यांच्या हातून पाण्याचा ग्लास निसटला आणि फुटला. ते उठायला गेले तशी ती ओरडली, "हलू नका बाबा! पायात चप्पल नाहीये तुमच्या." मग तिनं वाकून एकेक काच वेचली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली, आणि निघून गेली.

ती गेल्यावर त्यांनी त्रेसष्ट नंबरची कॅसेट लावली. डोंगरातलं एक विश्रामगृह, लाकडी जमीन. दार लागलं. शांतता. कागद उलटायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण हात गेला.

(दार लागलं. काच फुटते. बाई म्हणते, 'हलू नका बाबा, पायात चप्पल नाहीये तुमच्या.' बाईचा आवाज ओळखीचा वाटतो. दार उघडलं.)

मुलगी हे खेळ करणारी नव्हती. आणि कागद आजचा नव्हताच. त्या ओळींवरून त्यांचीच लाल रेघ गेली होती, जोर देऊन मारलेली, आणि खाली त्यांचीच सही, तारीख घातलेली. त्या तारखेला मुलगी चार वर्षांची होती. ही ओळ त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. त्यांनी ती खोडली होती.

मग मात्र त्यांनी टेप बाजूला सारला आणि सगळ्या खोक्यांतले कागद काढून फक्त कंस वाचायला सुरुवात केली. रेघेखालची अक्षरं वाचायला भिंगाची गरज पडली नाही. बायको ठसठशीत टाइप करायची.

(चमचा पडतो. उचलत नाहीत.)

(एक कपाट उघडतं, मग दुसरं, मग तिसरं. मीठ वरच्या फळीवर आहे, निळ्या डब्यात.)

(जिना चढताना मध्येच थांबतात. दम लागलाय. कोणी हात धरायला नाही.)

(रडताहेत. आधी मला वाटलं, तिथलंच कोणी असेल. पण नाक शिंकरायची पद्धत यांचीच. यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.)

त्या कागदावरही लाल रेघ होती. तारीख वीस वर्षांपूर्वीची, आणि समासात त्यांच्याच अक्षरात शेरा, 'छान. पुढचे पाठव.'

पाहुणे स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवर निळा डबा होता. झाकण उघडून त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

बाहेर उजेड होता, खाली मुलं सायकली फिरवत होती, आणि घरात सगळं जिथल्या तिथे होतं. ते परत येऊन बसले. त्यांना एक गोष्ट आता कळली होती आणि ती मनातून जाईना. एवढ्या सगळ्या कंसांत त्यांचा खोकला होता, मुलीचं बोलणं होतं, किटली, कपाटं, जिना, चमचा, सगळं होतं. बायकोचा एकही आवाज नव्हता. ती गुणगुणत भांडी आवरी, ते नव्हतं. तिची करकरणारी खुर्ची नव्हती. दूरदूरच्या खोल्यांतली शांतता कानाला लावून ती चाळीस वर्षं आपल्याच घराला ऐकत होती, आणि त्या घरात ती नव्हती. आणि तरी दर खेपेला दार उघडून म्हणत होती, या पाहुणे.

बुधवारी मुलगी आली तेव्हा ते जेवायला बसलेच नाहीत.

"आई टाइप करायची तेव्हा तू जवळ असायचीस ना?"

"असायचे. का?"

"तिच्या तोंडून काही ऐकलं होतंस? टेपवर काही ऐकू येतं, असं काही?"

मुलगी डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आत्ता का विचारताय?"

"सांग ना."

"एकदा ती हेडफोन लावून नुसतीच बसली होती. टाइपही करत नव्हती. डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, काय ऐकतेस? तर म्हणाली, घर."

"मग?"

"मग म्हणाली, 'बाबा घरीच आहेत.' मला खरंच वाटलं. मी धावत दारापर्यंत गेले. दार उघडून पाहिलं, जिन्यात पाहिलं. कोणी नव्हतं." तिनं झाकण घट्ट लावलं. "मी खूप रडले होते. तिच्यावर चिडलेही होते, खोटं बोलते म्हणून. लहान होते मी."

पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं.

"उद्या टॅक्सी किती वाजता आहे?" मुलीनं विचारलं.

"चार."

"किल्ली शेजारी ठेवून जा," ती म्हणाली, आणि गेली.

गुरुवारी सकाळी सगळ्यात खालच्या खोक्यात त्यांना एक सुटा कागद सापडला. वर नंबर होता चारशे बारा.

चारशे बारा नंबरची कॅसेट अजून त्यांच्या बॅगेतच होती. ती तळ्यावरची. तिसऱ्या दिवशी पलीकडचा काठ पाहून झाला, एक दिवस आधीच निघावं म्हणून त्यांनी बॅग भरली, टेप टेबलावर ठेवला, आणि नेहमीसारखे दाराबाहेर जाऊन उभे राहिले. ते मिनिट संपायच्या आत खालच्या खानावळीची मालकीण धापा टाकत जिना चढून वर आली होती. घरून फोन आहे म्हणून सांगायला. ती कॅसेट त्यांनी कोणाला पाठवली नव्हती. पाठवायची कोणाला? ऐकलीही नव्हती, कारण शेवटी त्या बाईची पावलं असणार, आणि ती पुन्हा ऐकायची त्यांची छाती होत नव्हती.

आणि कागद तर समोर होता. पिवळा पडलेला, कडा चुरत चाललेल्या, टाचणी गंजून कोपऱ्यात तपकिरी डाग पडलेला. तारीख नव्हती. लाल रेघ नव्हती.

दुपारी मुलगी डबा घेऊन आली नाही. निरोपाला उभं राहायची तिला हौस नव्हती, हे ते समजले. पावणेचार वाजता त्यांनी बॅगेतून कॅसेट काढली, टेपमध्ये घातली, आणि कागद समोर ठेवला. खालच्या अर्ध्या भागावर तळहात झाकून धरला, लहान मुलं उत्तर झाकतात तसा.

त्यांचा आवाज सुरू झाला. तळं, काठावरचं पांढरं मीठ, वारा. कागदावर शब्द न् शब्द तोच होता. "आज तिसरा दिवस," टेपवरचे पाहुणे म्हणाले, कागदावरचेही म्हणाले. "पलीकडे काही नाही. उगाच थांबलो. उद्यापर्यंत घरी पोचेन. गेल्यावर तिला एकदा सांगायचंय की..."

टेपवर ते थांबले. कागदावर बायकोनं लिहिलं होतं, (वाक्य पुरं करत नाहीत. सवय आहे.)

एवढ्या अवस्थेतही पाहुण्यांना हसू फुटलं. ती अशीच होती.

(दार लागलं.)

टेपवर दार लागलं. शांतता सुरू झाली.

त्यांनी हात एक ओळ खाली सरकवला.

(खाली हॉर्न वाजतो.)

खाली हॉर्न वाजला.

त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. एक ओळ खाली.

(पुन्हा वाजतो. लांब.)

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दाबून धरला. दाराशी बॅग उभी होती. चाळीस वर्षं हा आवाज आला की पाहुणे खुर्चीतून आपोआप उठत. हात बॅगेकडे, डोळे जिन्याकडे, आणि "येतो गं" हे मागे न बघता. आजही गुडघे हलले.

एक ओळ खाली.

(उठत नाहीत.)

ते बसून राहिले. मग घसा साफ करून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, ते म्हणाले, "नाही जात गं. तुला हेच सांगायचं होतं. मी थांबायला हवं होतं."

खाली टॅक्सीचं दार आपटलं. गाडी निघून गेली.

त्यांनी हात सरकवला.

('नाही जात' म्हणतात.)

आणि त्याखाली,

(दुसरी खुर्ची सरकते.)

पाहुणे खुर्चीकडे बघत राहिले. ती टेबलाला चिकटून होती, जशी होती तशी. टेपवर तळ्याचा वारा. खुर्ची हलली नाही. त्यांनी वाट पाहिली, असेल नसेल तेवढा जीव डोळ्यांत आणून पाहिली. काही झालं नाही.

मग त्यांचा धीर सुटला. चेहरा ओंजळीत धरून ते मोठ्यानं रडले, बायको गेली त्या दिवशीही रडले नव्हते इतके. रडता रडता त्यांना एकदा जवळच कुठेतरी करकर ऐकू आल्यासारखं वाटलं, पण त्या भरात त्यांनी मान वर केली नाही.

टेपवर जिन्यात पावलं वाजू लागली. खानावळीची मालकीण. त्यांनी चाचपडत बटण दाबून टेप बंद केला.

पावलं थांबली नाहीत.

ती जिना चढत वर आली, दारापाशी अडखळली, बॅगेला ठेच लागल्यासारखी. मुलगी होती. दुकान अर्धवट उघडं टाकून आलेली, चष्मा पुसायचं फडकं अजून हातात. "टॅक्सी रिकामी जाताना दिसली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

पाहुण्यांनी तोंड पुसलं. "गेलो नाही," ते म्हणाले.

ती बॅगेकडे बघत उभी राहिली, मग त्यांच्याकडे. ती आत येऊन टेबलापर्यंत आली. आईची खुर्ची बाहेर ओढलेलीच होती, माणूस बसेल एवढी. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती या घरात बसली.

आणि लगेच उठली.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "इथे कोण बसलं होतं?"

त्यांनी मान वर केली. मुलगी वाकून बैठकीवर तळहात ठेवून उभी होती. तिनं तो तिथून उचलला नाही.

"गरम आहे," ती म्हणाली.